बारा यार्डांचं खोटं

दुकानात त्याला सगळे मोजणीदार म्हणत. तो जमिनी मोजत नसे. गोल्फ खेळणाऱ्याला कोणता चेंडू मानवेल ते मोजून सांगणं हे त्याचं काम होतं. बाहेर कुणाला हे सांगितलं की समोरचा हसायचा. चेंडू तो चेंडू, त्यात मानवायचं काय?

सुरुवातीला मोजणीदार समजावून सांगत असे. वरून सगळे चेंडू सारखेच पांढरे, सारख्याच खळग्यांचे. पण आत कुणाला दोन थर असतात, कुणाला चार. कुणाचं पोट कडक, कुणाचं मऊ. कुणी गवतावर पडल्या पडल्या थांबतो, कुणी घरंगळत पार पलीकडे जातो. एकोणीस वर्षांत हे सांगायचा त्याला इतका वीट आला होता की आता कुणी विचारलं तर तो नुसतं म्हणायचा, "दुकानात आहे."

त्याची खोली दुकानाच्या मागच्या बाजूला होती. खिडकी नाही. एका टोकाला जाड पडदा, त्यावर हिरव्या मैदानाचं चित्र. दुसऱ्या टोकाला हिरवी चटई, हजारो लोक उभे राहून राहून दोन पावलांच्या जागी टक्कल पडलेली. चटईच्या मागे तिपाईवर ठेवलेलं डब्याएवढं मशीन. चेंडू फटकारला की तो पडद्यावर धप्पकन आदळून खाली पडे, आणि मशीन संगणकावर आकडे दाखवी: वेग किती, फिरकी किती, खुल्या मैदानात किती यार्ड गेला असता. ते धप्प धप्प मोजणीदाराच्या कानात घरी जेवतानाही वाजत असायचं. टाचा ठणकायच्या. एके काळी तो स्वतःही बरा खेळायचा, पण अकरा वर्षांपूर्वी खांदा निखळला तेव्हापासून त्याने गोल्फच्या काठीला हात लावला नव्हता.

काम त्याला जुन्या मालकांनी शिकवलं होतं. त्यांची रीत साधी होती. आधी माणसाला बाहेर हिरवळीवर न्यायचं, भोकाजवळचे छोटे फटके मारायला लावायचे, चेंडू काठीला लागल्यावर हाताला कसा वाटतो, आवाज कसा येतो ते विचारायचं. लांबचा फटका सगळ्यात शेवटी. "लांब मारायची हौस सगळ्यांना असते," ते म्हणायचे, "पण डाव भोकाजवळच जातो." ते वारले, दुकान मुलाकडे आलं आणि मुलाने मशीन आणलं. बाहेर जाणं बंद झालं. मशीनपुढे एका तासात तीन गिऱ्हाइकं होत.

मुलगा वाईट नव्हता. मोजणीदाराला तो काका म्हणायचा, खुर्चीवरून उठून बोलायचा. एके दिवशी तो खोलीत आला आणि मशीनमधली एक सोय दाखवू लागला. जागा समुद्रसपाटीपासून किती उंच, हवा किती गरम, हे त्यात भरता येत होतं. उंचावर हवा विरळ असते, चेंडू लांब जातो.

"इथे जरा डोंगरावरची उंची टाका, काका."

"पण आपण डोंगरावर कुठे आहोत, साहेब?"

"गिऱ्हाईक उंची विचारायला येत नाही. आकडा बघायला येतं. नवा चेंडू मारला, जुन्यापेक्षा जास्त दिसला, खूश होऊन गेलं. यात कुणाचं काय बिघडतं?"

मोजणीदाराने उंची टाकली. म्हणजे जुना चेंडू मारताना खरी उंची आणि नवा मारताना डोंगरावरची. एक बटण दाबायचं, बस. पहिल्या आठवड्यात हात अडखळला, मग अंगवळणी पडलं. लोकांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की ते खरंच खूश होत. एक जाडजूड वकील तर त्याच्या गळ्यात पडला होता.

घरी त्याने हे बायकोला सांगितलं. ती घरीच कपडे शिवायची, बायकांची मापं घ्यायची.

"माझ्याकडेही येतात की," ती शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली. "कंबर दोन इंच कमी सांगा म्हणतात. मी आकडा सांगतच नाही. पण कापड बेतते ते त्यांच्या खऱ्या अंगाचंच. खोट्या मापाचं शिवलं तर घालणार कसं?"

"चेंडू अंगात घालायचा नसतो," तो म्हणाला आणि टाचांना तेल लावत बसला.

बाई आल्या त्या एका मंगळवारी, दुपारी. त्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती, तरी सगळं गाव त्यांना बाईच म्हणे. वय एकाहत्तर. पाठ ताठ, बुटांच्या नाड्या दुहेरी गाठीच्या. दर बुधवारी सकाळी त्या तीन मैत्रिणींबरोबर खेळत. मैदानावरच्या चौथ्या भोकाच्या वाटेवर एक तळं होतं. ते एका फटक्यात पार करायला एकशे पस्तीस यार्ड लागत. दोन वर्षांपूर्वीपर्यंत बाई ते करत होत्या. आता तळ्याच्या अलीकडे छोटा फटका मारून थांबत आणि मग पलीकडे जात.

"तळ्यावरून नेईल असा चेंडू द्या," त्या म्हणाल्या. "उगाच गोड बोलू नका. नसेल तर नाही म्हणा."

त्या दिवशीचं ते त्याचं चौदावं गिऱ्हाईक होतं. जुन्या चेंडूने बाईंचा आकडा एकशे अठ्ठावीस आला. नाही म्हणायचं तर का नाही ते सांगावं लागलं असतं, आणि बाईंसारख्या माणसाला सांगायचं म्हणजे अर्धा तास गेला असता. त्याने बटण दाबलं. नवा, महागातला, चार थरांचा चेंडू चटईवर ठेवला. आकडा आला एकशे चाळीस.

बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "परत मारते," म्हणाल्या. एकशे एकोणचाळीस. मग एकशे चाळीस. जाताना दारात थांबून त्या त्याला म्हणाल्या, "तुमचे आभार मानते." दुसरं कुणी "थँक्यू" म्हणून गेलं असतं. ते मोजणीदाराच्या मनात थोडा वेळ राहिलं, मग पुढचं गिऱ्हाईक आलं.

दोन महिन्यांनी बाई परत आल्या. या वेळी काठ्या नव्हत्या, फक्त पर्स होती. तो चटई झाडत होता. त्यांनी दार लावून घेतलं.

"एक विचारते. तुमचं मशीन खोटं बोलतं, की तुम्ही?"

त्याच्या ओठांवर उत्तर तयार होतं: ऊन, वारा, ओलं गवत, सवय व्हायला वेळ लागतो. रोज कुणाला ना कुणाला तो ते देत असे. पण सकाळपासून उभा होता, आणि त्या उत्तराचासुद्धा त्याला कंटाळा आला.

"मी," तो म्हणाला. "मशीन बिचारं विचारलं तेच सांगतं."

"बसा," बाई म्हणाल्या. खोली त्याची होती, पण तो बसला. त्या उभ्याच राहिल्या. "किती वाढवलेत?"

"बारा यार्ड."

"का?"

"मालकांनी सांगितलं. लोकांनाही आवडतं. आणि खरं सांगायचं तर, मी दमलो होतो."

"दमलो हे कारण मी सातवीतल्या मुलींकडूनही घेत नसे."

बाईंनी भिंतीला टेकून, हळूहळू, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसं सांगितलं. पहिल्या बुधवारी चेंडू तळ्यात गेला. दुसऱ्या बुधवारीही. तिसऱ्या वेळी मैत्रिणी एकमेकींकडे बघायला लागल्या. बाईंना मशीन खोटं असेल असं वाटलंच नाही. मशीन कशाला खोटं बोलेल? महिन्याभरापूर्वी एकशे चाळीस मारणारी मी आता सव्वाशेवर आले, म्हणजे माझ्यातच काहीतरी बिघडतंय, हातातली ताकद झरझर चाललीये, असं त्यांनी धरलं. डॉक्टरकडे गेल्या. हृदयाची तपासणी झाली, डोक्याचा फोटो झाला. काही निघालं नाही, तेव्हा तर जास्तच धसका घेतला. हात असे अचानक दगा देत असतील तर गाडी चालवणं बरं नव्हे, म्हणून त्यांनी किल्ली शेजाऱ्यांकडे देऊन टाकली.

"माझी थोरली बहीण नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात असते," बाई म्हणाल्या. "तिला दिसत नाही. दर शनिवारी मी जाते, वर्तमानपत्र वाचून दाखवते. तिकडे बस जात नाही. चार शनिवार मी गेलेले नाही. सर्दी झालीये म्हणून फोनवर सांगते."

इतक्या महिन्यांत मोजणीदाराने किती जणांना बटण दाबून पाठवलं होतं याचा त्याला अंदाज नव्हता. कुणाचं काय बिघडतं, या प्रश्नाला त्याने उत्तरच शोधलं नव्हतं.

"कळलं कसं तुम्हाला?" त्याने विचारलं.

"काल एका गृहस्थांनी त्यांच्या अंतर दाखवणाऱ्या दुर्बिणीने मोजून दिलं. तुम्ही दिलेले नऊ चेंडू मारले, सगळे एकशे अठ्ठावीसच्या आसपास. तेवढाच आकडा मी इथे जुन्या चेंडूने पाहिला होता. शाळेत कॉपी पकडायचे मी, मोजणीदार. दोन उत्तरपत्रिका शेजारी ठेवल्या की कळतं."

तो उठला. माफी मागावी असं त्याला वाटत होतं, पण शब्द तोंडदेखले वाटले असते. "उद्या सकाळी सातला याल?" तो म्हणाला. "दुकान उघडायच्या आधी. बाहेर हिरवळीवर."

"तळं पार होईल?"

"नाही. कोणत्याही चेंडूने नाही. फार तर तीन-चार यार्ड वाढतील, तेही नशीब असेल तर."

"हे मागच्या वेळीच सांगायचं होतंत," बाई म्हणाल्या, आणि गेल्या.

सकाळी गवत ओलं होतं. त्याने सहा चेंडू आणले होते, नावं काळ्या शाईने झाकलेली. बाईंनी आधी भोकाजवळून हलके फटके मारले. त्याने काही सांगितलं नाही, फक्त विचारलं. कडक चेंडूचा आवाज टक्क येत होता, बाईंना तो नको वाटला. मग हिरवळीच्या कडेवरून उचलून मारायला लावलं. दोन चेंडू पडून पुढे पळाले. एक मऊ, तीन थरांचा, पडून दोन उड्या घेऊन जागच्या जागी थांबला. बाईंनी तोच पुन्हा पुन्हा मारला. पंधरा वेळा तरी. तासाभराने त्याची पाठ आखडली, बाईंचे बूट भिजले. शेवटी लांबचे फटके झाले. दुर्बीण त्याने बाईंच्याच हातात दिली. एकशे तीस.

"हा," बाई म्हणाल्या. "पाण्याच्या अलीकडे थांबायचं, आणि पलीकडे गेल्यावर हा भोकाजवळ थांबेल. असंच ना?"

"असंच."

त्या दिवशी दुकान उघडल्यावर त्याने मशीनमधली उंची खरी केली आणि तशीच ठेवली. यात शूरपणा असा काही नव्हता. बटण दाबायला बोट वळेना, एवढंच. गिऱ्हाईक आलं, फटकारलं, आंबट चेहरा करून गेलं. महागाचे चेंडू कपाटातच राहू लागले. तिसऱ्या आठवड्यात मालक खोलीत आला. ओरडला नाही.

"काका, उंची कुणी बदलली?"

"मी."

"परत टाका ना."

"दुसऱ्या कुणाला सांगा, साहेब. माझ्याच्याने होत नाही आता."

मालकाने पडद्यावरच्या हिरव्या मैदानाकडे पाहिलं. "तुम्हाला काढून टाकलं तर बाबांना वर तोंड दाखवता येणार नाही मला," तो म्हणाला. "पण खोली दुसऱ्याला द्यावी लागेल. तुम्ही सरावाच्या मैदानावर बघा."

म्हणजे चेंडू गोळा करायचे. लोक सरावासाठी शेकडो चेंडू मारत, ते जाळीच्या छोट्या गाडीत बसून वेचत फिरायचं, आणून धुवायचे, टोपल्यांत भरायचे. मोजणीदार छप्पन्न वर्षांचा होता. गाडी गचके खाई आणि निखळलेला खांदा बोले. लोकांना गाडीच्या जाळीवर नेम धरायला आवडायचं. चेंडू आदळला की आतला माणूस दचकतो, यात त्यांना मजा वाटायची. पहिले काही दिवस तो दचकला, मग सोडून दिलं.

बायकोला हे कळलं तेव्हा तिने शिवण बाजूला ठेवली. तो बोलणी खायच्या तयारीने बसला होता.

"उन्हातलं काम आहे?" तिने विचारलं.

"हो."

"मग पूर्ण बाह्यांचा शर्ट लागेल. उभे राहा, माप घेते." खांद्यावर टेप लावताना ती थांबली. "हा खांदा खाली गेलाय हो तुमचा. कधीपासून?"

"झाली असतील अकरा वर्षं."

"मला सांगितलं नाहीत कधी."

"तू विचारलं नाहीस," तो म्हणाला. तिने टेप दुसऱ्या खांद्यावर लावली.

बाई पुन्हा गाडी चालवू लागल्या. शनिवारी बहिणीकडे जाऊन आधी चार शनिवारांचं खरं कारण सांगितलं, मग वर्तमानपत्र वाचलं. बहीण म्हणे इतकी हसली की खोलीतल्या इतर बायका विचारायला आल्या. चौथ्या भोकावर बाई आता तळ्याच्या अलीकडे थांबतात, पलीकडे जातात, आणि मैत्रिणींपैकी कुणी त्यावर बोललं तर तिला शाळेतल्यासारखं बघतात.

एका बुधवारी त्यांनी दोन मैत्रिणींना सरावाच्या मैदानाच्या कडेला आणून उभं केलं. मोजणीदाराने गाडी थांबवली. जेवणाच्या सुट्टीत त्याने त्यांना हिरवळीवर नेलं. मग कुणाकडून कळून आणखी एक गृहस्थ आले, मग तो जाडजूड वकील, काहीसा शरमून. मालकाने काचेतून पाहिलं आणि कानाडोळा केला, कारण मोजणी कुठेही झाली तरी चेंडू त्याच्याच दुकानातून जात होते. खोली नव्या माणसाकडेच राहिली. तिथला आकडा मोठाच येत राहिला, आणि तिथे गिऱ्हाइकंही जास्त होती.

परवा दुपारी तो धुण्याच्या टाकीपाशी डबा उघडून बसला होता. पहिला घास घेतला तेवढ्यात एक अनोळखी म्हातारी जोडी समोर येऊन उभी राहिली. नवरा म्हणाला, "आम्हाला कुणीतरी सांगितलं, तुम्ही खरं सांगता."

मोजणीदाराने त्यांच्याकडे पाहिलं. टाचा ठणकत होत्या, सुट्टीची वीस मिनिटं उरली होती.

"सांगतो," तो म्हणाला. "पण आधी दोन घास खाऊ द्या. तुम्ही बसा तिथे बाकावर. सावली आहे."