आयुधपूजेला गप्प बसलेलं यंत्र

नोकरीत चोर पुष्कळ पकडले, पण हसत हसत पकडलेला हा एकच. ती घटना मनात आली की आजही मी एकटाच हसतो आणि बायको विचारते, "काय झालं आता?"

मी तेव्हा बेंगळुरूत सायबर गुन्ह्यांच्या ठाण्यात निरीक्षक होतो. दसरा नुकताच झाला होता आणि ठाण्यातल्या कॉम्प्युटरांवर आयुधपूजेचं कुंकू अजून तसंच होतं. एक काकू आत आल्या. आमच्यासारखंच इथं मुरलेलं मराठी घर, यजमान सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर.

"अण्णा, तक्रार नाही हो, स्वल्प सल्ला हवाय," त्या म्हणाल्या.

काका निवृत्तीनंतर शेअर बाजारात रमले होते. बाजारातले सगळे शेअर चाळून, आलेखात ठरावीक खूण दिसली की 'घ्या' नाहीतर 'विका' असा इशारा देणारं सॉफ्टवेअर त्यांना हवं होतं. मुलासाठी सून शोधावी तशी त्यांनी पाच-सहा सॉफ्टवेअरं पारखली. हे चुकतं, ते उशिरा सांगतं. शेवटी मुंबईच्या एका कंपनीचं पसंत पडलं. फुकट वापरून पाहिलं, तर एकही इशारा चुकला नाही. आता त्या इशाऱ्यांवर गुंतवायला निवृत्तीची सगळी पुंजी कंपनीच्या हाती द्यायची होती. रविवारी माणूस चेक न्यायला येणार होता.

एकही चूक नाही, हे ऐकून माझे कान टवकारले. महादेवपुरा आणि कोरमंगल्यातल्या आयटीतल्या पोरांनी अशाच तक्रारी दिल्या होत्या. त्यांच्या कंपनीचाही मुंबईचा पत्ता खोटा निघाला होता आणि तपास तिथंच अडला होता.

मी काकूंना पाणी दिलं. त्या सुस्कारा टाकून म्हणाल्या, "दिवसभर मेला तो फोन टुंगटुंग करतो. जेवणाच्या वेळी तेवढा गप्प. आणि खंडेनवमीला तर दिवसभर वाजला नाही. किती दिवसांनी हे माझ्याशी बोलले!"

माझं लक्ष कॉम्प्युटरवरच्या कुंकवाकडे गेलं. खंडेनवमीला, म्हणजे आयुधपूजेला, इथं बेंगळुरूत यंत्राला हार घालतात आणि त्या दिवशी हात लावत नाहीत. मुंबईचा बाजार मात्र त्या दिवशी चालू होता. मी मुंबईला फोन करून तशी खात्रीही केली. मग मुंबईचं यंत्र आयुधपूजा कशी पाळतं? मला इतका आनंद झाला की मी काकूंसाठी स्वतः कॉफी मागवली.

काका मात्र ऐकेनात. "तुम्ही पोलीस. तुम्हाला साक्षात पुरोहितसुद्धा संशयित दिसतो," म्हणाले. मी एवढंच मागितलं, की रविवारी मला काकूंचा भाऊ म्हणून बसू द्या.

रविवारी टाय लावलेला तरुण आला. "मुंबईहून सकाळच्या विमानानंच आलो सर. सगळं सर्व्हरवर चालतं. माणसाचा हातच लागत नाही."

चौकशी खोलीतच करावी असं काही नाही. समोर उपम्याची बशी असली की माणूस जास्त बोलतो.

"झकास!" मी म्हणालो. "पण खंडेनवमीला काही इशारा आला नाही म्हणे?"

"त्या दिवशी आयुधपूजा ना सर! सिस्टिम बंद असते. अक्का हातच लावू देत नाहीत."

"कोण अक्का?"

त्याचा चमचा हवेतच राहिला. काका खुर्चीत पुढे सरकले आणि हळूच म्हणाले, "आणि रोज दुपारी? तुमचा सर्व्हर जेवायला जातो का?"

तो प्रश्न काकांनी विचारला, म्हणून मला तो चोर पकडण्यापेक्षा गोड वाटला. मग मी माझी ओळख सांगितली. त्याच दिवशी त्यानं दाखवलेल्या, बेंगळुरूतल्याच एचएसआर लेआउटमधल्या एका फ्लॅटवर छापा घातला. पंचनाम्यात सॉफ्टवेअर निघालंच नाही. निघाले नुसते फोन, आणि हारासकट कॉम्प्युटर. अक्का आणि तिची माणसं हातानं इशारे पाठवत. अर्ध्या लोकांना 'घ्या', अर्ध्यांना 'विका'. ज्यांचं चुकलं त्यांना सोडायचं आणि उरलेल्यांवर पुन्हा तोच खेळ. शेवटी उरलेल्यांना वाटायचं, हे यंत्र चुकतच नाही. काका त्या उरलेल्यांतले.

न अडखळता दिलेला जबाब मी कधीच खरा मानला नाही. खरा साक्षीदार मध्येच थांबतो, "नाही हो, चुकलं, असं नव्हतं," म्हणतो. यंत्रालाही हाच नियम लावावा, हे मला त्या घरानं शिकवलं. काकांनी नंतर निवडलेलं शेअर चाळणारं सॉफ्टवेअर आपले चुकलेले इशारेही दाखवतं. पुंजी बँकेतच राहिली. काका थोड्याशा शेअरांवर खेळतात आणि चुकले की काकूंना सांगतात.

पुढच्या आयुधपूजेला त्यांनी मला 'भाऊ' म्हणून जेवायला बोलावलं. लॅपटॉपला झेंडूचा हार होता. आरती ऐन रंगात आली आणि हाराखालून टुंग असा आवाज आला.

काका टाळ्या थांबवून ओरडले, "अण्णा, वाजलं! खरं आहे हो, खरं आहे!"

"सरी, बरं बरं," काकू म्हणाल्या, "पण आज हात लावायचा नाही." आणि त्यांनी आरतीचं ताट काकांच्याच हातात दिलं.