दूध बंद, तूप चालू

माझी मुलगी सात आठवड्यांची होती तेव्हा तिचा वापरलेला डायपर दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून, पर्समध्ये घालून मी डॉक्टरकडे नेला. शीमध्ये रक्ताचे बारीक धागे दिसत होते. पिता पिता ती मधेच अंग ताठ करून किंचाळायची, आणि गालांवर खरखरीत लाल चट्टे उठले होते. डॉक्टरीणबाईंनी पिशवी उजेडात धरून पाहिली आणि शांतपणे सांगितलं, गाईच्या दुधातल्या प्रोटीनची ॲलर्जी असू शकते.

"असू शकते म्हणजे? टेस्ट करा ना," मी म्हणाले.

या प्रकारच्या ॲलर्जीला टेस्ट नसते, असं त्या म्हणाल्या. मी जे दूधदुभतं खाते त्यातलं प्रोटीन माझ्या दुधातून तिच्या पोटात जातं. तेव्हा मी चार आठवडे दुधाचा कणही खायचा नाही आणि रक्त थांबतं का ते बघायचं. थांबलं, तर मुद्दाम परत खायचं आणि परत येतं का ते बघायचं. आणि नाहीच थांबलं, तर अंगावरचं बंद करून डब्यातलं खास दूध सुरू करायचं. हे शेवटचं वाक्य त्या इतक्या सहज बोलल्या की मला त्यांच्या हातातला पेन हिसकावून घ्यावासा वाटला. पहिले तीन आठवडे मुलगी नीट धरतच नव्हती. मी दात-ओठ खाऊन, रडून, ती वेळ काढली होती आणि आत्ता कुठे आमचं दोघींचं जमायला लागलं होतं. मला अंगावरचं सोडायचं नव्हतं. बाकी काहीही करायची माझी तयारी होती.

जगातल्या सगळ्या यंत्रांनी भरलेल्या त्या दवाखान्यात माझ्या मुलीच्या पोटाचं निदान शेवटी माझ्या जिभेवर येऊन थांबलं होतं.

घरी आई होती. माझ्या बाळंतपणासाठी सांगलीहून इथे अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला आलेली, आल्या दिवसापासून स्वयंपाकघराचा ताबा घेतलेली. ती म्हणाली, "दुधाची कसली गं ॲलर्जी? तुम्ही दोघं भावंडं दुधावरच वाढलात." मी म्हटलं, आम्ही वाढलो, ही नाही वाढत आहे. मग ती डबे जरा जास्तच आपटत आवरायला लागली.

मी फ्रिज रिकामा केला. दूध, दही, चीज, पनीर, श्रीखंडाचा डबा, सगळं शेजारच्या काकूंना देऊन टाकलं. काकू तीस वर्षं मिशिगनमध्ये आहेत. त्यांनी श्रीखंड घेतलं आणि वर सांगितलं, "आमच्या वेळेला असलं काही नव्हतं गं. मुलं रडायची, मोठी व्हायची." दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मला तर फुंकून प्यायलाही ताक नव्हतं.

दुकानात ब्रेडच्या पाकिटामागची बारीक अक्षरं वाचत मी एकेका रॅकपुढे पंधरा-पंधरा मिनिटं उभी राहायचे. ब्रेडमध्ये दूध. बिस्किटात दूध. बार्बेक्यूच्या चवीच्या बटाट्याच्या वेफर्समध्ये दूध, का ते विचारू नका. नवऱ्याने एकदा चुकून तेच वेफर्स आणले आणि मी दोन खाल्ले, तर मी त्याला असं फाडून खाल्लं की तो गराजमध्ये जाऊन बसला.

नवरा गाड्यांच्या कंपनीत क्वालिटीत आहे. तिथे ब्रेक वाजला की का वाजला हे शोधून काढणं हेच त्याचं काम. त्याने मुलीच्या शीची एक्सेल शीट केली. वेळ, रंग, रक्त आहे की नाही, मी आदल्या दिवशी काय खाल्लं. रंगाला एक ते सहा नंबर दिले होते. तो रोज ऑफिसातून फोन करून विचारायचा, "आजचा नंबर काय?" मी म्हणायचे, "ती तुझी मुलगी आहे, ब्रेक पॅड नाही." तो म्हणायचा, "डेटा नसेल तर रूट कॉज कसा सापडणार यार?" मी फोन ठेवून द्यायचे.

पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. रक्त एक दिवस नसायचं, की वाटायचं सुटलो. मग सोमवारी पुन्हा. तिसरा गेला. मी काळा चहा पिऊन पिऊन चिडकी झाले होते आणि मुलीचे गाल तसेच. डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्यांनी पुन्हा एकेक विचारलं. दूध? नाही. दही? नाही. चीज, बटर, आईस्क्रीम? नाही, नाही, नाही. मग त्या म्हणाल्या, पुढच्या शुक्रवारी या, आपण डब्यातल्या दुधाचं बोलू. मी फोन ठेवला आणि मुलीला मांडीवर घेऊन मोठ्याने रडले. आई दारात उभी राहून म्हणाली, "अगं, रडू नकोस, दूध आटेल." त्याने मी आणखी रडले.

त्या रविवारी आई दर रविवारसारखं तूप कढवत होती. आमच्याकडे ब्रेडला बटर कोणी लावत नाही. बिनमिठाचं बटर येतं ते थेट पातेल्यात जातं आणि त्याचं तूप होतं. बाळंतिणीला तूप हवंच. वरणावर, मेथीच्या लाडवात, अळिवाच्या लाडवात. आणि तूप गाळलं की तळाला जी तपकिरी बेरी उरते, ती साखर घालून गरम पोळीवर माझी. लहानपणापासून माझी. भावाने हात लावला तर मारामारी व्हायची. मी उभ्या उभ्या ती पोळी गुंडाळून खात होते आणि नवरा सिंकपाशी पातेलं घासत होता.

"आई, हे खाली चिकटलेलं असतं ते एक्झॅक्टली काय असतं?" त्याने विचारलं. त्याला खरंच कुतूहल होतं, तो असाच आहे.

"बेरी," आई म्हणाली. "लोण्यात दुधाचा अंश राहतो ना, तो जळून खाली बसतो. तो निघाला की तूप शुद्ध."

नवऱ्याने नळ बंद केला. तो माझ्याकडे बघत राहिला. पोळीचा अर्धा घास माझ्या तोंडात होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी वेफर्सच्या पाकिटांवरची नखाएवढी अक्षरं वाचत होते आणि दर रविवारी दुधाचा नुसता अर्क साखर घालून खात होते. तूप हे आमच्या डोक्यात कधी दूध नव्हतंच. तूप म्हणजे तूप. उपासाला चालतं, बाळाच्या टाळूला चालतं, औषधाला चालतं. तीन इंजिनिअरांच्या घरात, हो, आईसुद्धा इलेक्ट्रिकल डिप्लोमावाली, हे कोणाच्या टाळक्यात आलं नाही.

मी घास सिंकमध्ये थुंकले आणि आईवर ओरडले. "तुझ्या तुपापायी माझ्या मुलीच्या पोटातून रक्त येतंय!" ते अन्यायाचं होतं. खाणारी मी होते, मागून मागून खाणारी.  आईने गॅस पुसला, लाडवांचे दोन्ही डबे काढले आणि न विचारता काकूंकडे देऊन आली.

शुक्रवारी मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्यांनी तीन आठवडे वाढवून दिले. आईने वरणाला तेलाची फोडणी सुरू केली आणि रोज जेवताना ती मला विचारायची, "घशाखाली उतरतंय ना?" बाराव्या दिवशी रक्त थांबलं. गाल गुळगुळीत झाले. मुलगी दूध पिऊन तशीच झोपून जायला लागली, हात सैल सोडून. मुदत संपेपर्यंत शीटमध्ये पुन्हा एकही लाल खूण पडली नाही.

आणि आता डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, परत दूध प्या. खात्री करायची तर हाच मार्ग. नाहीतर आपोआप बरं झालं की दुधामुळे होतं, हे कधीच कळणार नाही, आणि मी विनाकारण वर्षभर उपाशी राहीन.

आई कडाडली. "बरी झालेल्या पोरीला पुन्हा आजारी पाडायचं? कुठल्या शास्त्रात बसतं हे?" पहिल्यांदाच मला तिचं पटत होतं आणि तरी मी दूध प्याले. पहिल्या दिवशी एक पेला, दुसऱ्या दिवशी दोन, वर दही-भात. दोन दिवस काही नाही. माझ्या मनात शंका शिरली. दुधाचं काही नसेलच तर? माझंच दूध तिला सोसत नसेल तर? तेवढं सोडून सगळं मला चाललं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती पिता पिता अंग ताठ करून किंचाळली. आईने डायपर उघडला. रक्त होतं, पहिल्यापेक्षा जास्त. आईच्या तोंडून "अगं बाई" निघालं आणि तिने मुलीला छातीशी घट्ट धरलं. माझी मुलगी कळवळून रडत होती, आणि मी तिथे उभी राहून, देवाशपथ, आनंदाने हसत होते.