पडदेवालीनं नवऱ्याला सरळ केलं

पडदेवालीनं नवऱ्याला कात्रीनं भोसकलं, वर निवांत चहा प्यायली, आणि पोलीस आले तेव्हा बाई कपबशी विसळत होती! ही बातमी औषधवाल्याच्या दुकानातून निघाली आणि दिवे लागायच्या आत अख्खी गल्ली फिरून आली. सगळी खोटी. कात्री टेबलावर होती तिथंच होती. तिच्या हातात होती ती पडद्याची दांडी. आणि चहा प्यायली ती मी.

गल्लीत मला रेडिओ म्हणतात. माझ्या दाराला दार लागून असलेल्या घरातली बातमी त्या औषधवाल्यानं आधी लावावी, तीही चुकीची! मला जेवण गेलं नाही.

तसा पडदेवालीचा हेवा मला पहिल्यापासूनच. मी जिन्यात उभी राहून, कान टवकारून, कणकण बातमी गोळा करायची. आणि ही? पडदे शिवायचा धंदा, माप घ्यायला गळ्यात टेप अडकवून ज्या-त्या घरात थेट बेडरूमपर्यंत! कोण वेगळं झोपतं, कुणाच्या कपाटाला कुलूप असतं, सगळं हिला ठाऊक. आणि बोलायची एक अक्षर नाही. मी खोदून खोदून विचारलं की म्हणायची, "काकू, मी खिडकी बघते, घर नाही." एवढा खजिना, आणि मेली त्यावर बसून राहायची!

हेवा करायला आणखीही बरंच होतं. जाडजूड पडदे उचलून उचलून तिचे दंड असे घट्ट झालेले की बिनबाह्यांचा झगा तिलाच शोभायचा. माझ्या दंडांचं वर्णन नको. तिची माणसं आजोबांच्या काळात खाणीवर कामाला आणलेली. रंग गर्द काळा, केस दाट कुरळे. तीन पिढ्या इथंच जन्मल्या, बोलते तुमच्याआमच्यासारखीच, पण गल्लीच्या हिशेबी ती अजून 'बाहेरची'.

आणि तिचा नवरा. त्याला आम्ही 'शिट्टी' म्हणायचो. मालाची गाडी चालवायचा आणि जिना चढताना अशी गोड शिट्टी वाजवायचा की सगळ्या मजल्यांवरच्या बायका दारात यायच्या. शिट्टी ऐकू आली की पडदेवालीची मशीन टक्कन थांबायची. मला वाटायचं, काय हे प्रेम! आमच्या ह्यांचा जिना चढतानाचा एकमेव आवाज म्हणजे गुडघ्यांचा. मी ह्यांना किती वेळा ऐकवलं, "बघा जरा, शेजारी बघा." मशीन कशासाठी थांबायची, ते मला फार पुढं कळलं.

शिट्टीचा जळफळाट माझ्यापेक्षा मोठा होता. माझा जिभेवर, त्याचा हातावर. बायको कुणाकडे गेली, किती वेळ होती, त्या घरात पुरुष होता का. त्या दिवशी ती घड्याळजीच्या खोलीचं माप घेऊन आली होती. बिचारा घड्याळजी! एकटा जीव, डोळ्यांना उन्हाचा त्रास होतो म्हणून जाड पडदा हवा होता. शिट्टीनं विचारलं, "त्याच्या खिडकीला एवढा वेळ?" आणि तिच्याच गळ्यातला टेप धरून आवळला. तिनं हात मागं फिरवला, भिंतीशी टेकवलेली दांडी सापडली, ती फिरवली. टेप सुटला. शिट्टी पसरलेल्या कापडावर पालथा पडला.

मग तिनं माझी बेल दाबली. "काकू, या. लवकर." आवाज फुटत नव्हता. मी आत गेले तर ती त्याच्याशेजारी गुडघ्यावर बसली होती. त्याचं नाक-तोंड कापडात रुतलेलं, घशातून घरघर येत होती. तिनं खांदा धरून त्याला उताणा केला, मान नीट केली, डोक्याखाली घडी घातली आणि मला म्हणाली, "डॉक्टरांना फोन करा." माणूस जगला. डोक्याला टाके पडले तेवढेच.

डॉक्टरांनी कळवलं, तसा पोलीस अधिकारी आला. तिला विचारलं, "दांडी मारली. मग काय केलंस?"

ती म्हणाली, "मग त्याला सरळ केलं."

अधिकाऱ्याचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा खुलला. "लिहा, लिहा," शिपायाला म्हणाला, "नवऱ्याला सरळ केलं. कबूल करते बाई."

मी म्हटलं, "अहो साहेब, सरळ म्हणजे पालथ्याचा..."

"तुम्ही कोण?"

"शेजारीण."

"मग शेजारी जा."

तिनं गळा दाखवला. त्यानं दिव्याकडे वळवून पाहिलं न पाहिलं आणि म्हणाला, "वळ दिसत नाही." मला दिसत होता! टेपची कड फुगून गळ्याभोवती उमटली होती. फक्त लाल नव्हती, कारण तिच्या रंगावर लाल उमटत नाही. ती म्हणाली, "हात लावून बघा, साहेब." त्यानं हात खिशात घातला. वर, बाई रडत नाही, घाबरलेली दिसत नाही, हेही लिहून घेतलं.

आता त्याच्या आदल्याच वर्षीची गोष्ट. समोरच्या इमारतीतल्या दंतवैद्याच्या बायकोनं नवऱ्याच्या डोक्यात काचेची फुलदाणी घातली. त्यालाही टाकेच पडले. हाच अधिकारी गेला. बाई गोरीपान, हुंदके देत होती, मनगटावर नवऱ्याची पाची बोटं गुलाबासारखी उठलेली. त्यानं खुर्ची सरकवून दिली, पाणी मागवलं आणि लिहिलं, झटापटीत फुलदाणी हातातून निसटून पडली. योग्यच केलं, मारकाच होता दंतवैद्य. त्या मनगटाचाही मला हेवा वाटला, खोटं कशाला सांगू? आमच्याकडे कुणी खुर्ची सरकवत नाही.

पण पडदेवालीवर जीवे मारण्याच्या प्रयत्नाचा खटला, आणि ती कोठडीत. निकाल विरुद्ध गेला असता तर केस पिकेपर्यंत आत. लोक येऊन आपापली अर्धवट शिवलेली कापडं घेऊन गेले. "त्यांच्यात हे चालतंच," औषधवाला सांगायचा. कुणात, ते विचारलं की गोळ्या मोजायला लागायचा.

तिची वकीलबाई नवखी, पण चिवट होती. मला साक्षीला बोलावलं. मी ठेवणीतला झगा घातला. आणि कोर्टात बघते तो काय, सगळ्यांचे डोळे पडदेवालीवर! आरोपीच्या पिंजऱ्यातही तीच भाव खाणार.

सरकारी वकील म्हणाले, "आरोपीचे दंड पाहावेत. ही बाई कुणाला घाबरेल? आणि ती स्वतःच म्हणते, मी त्याला सरळ केलं. म्हणजेच अद्दल घडवली."

वकीलबाईंनी मला विचारलं, "आरोपी हा शब्द एरवी कशासाठी वापरते?"

"सगळ्यासाठी," मी म्हटलं. "कापड सरळ करते, शिवण सरळ करते, माझा वाकडा पडलेला रेनकोट खुंटीवरून काढून सरळ करते. तिच्या धंद्यातला शब्द आहे तो. माणूस पालथा पडला होता, गुदमरत होता, तिनं सरळ केला."

सरकारी वकील उठले. "तुम्ही भाषेच्या जाणकार आहात का?"

"नाही, मी बायको आहे. आमचे हे घोरायला लागले की मीही त्यांना सरळ करते. मलाही आत टाका."

कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी दोन बोटं ओठांवर ठेवली, मग पडदेवालीलाच विचारलं, "त्याला मारायचं असतं तर काय केलं असतंस?"

ती म्हणाली, "काहीच नाही, साहेब. तसाच राहू दिला असता."

मी एवढी नटूनथटून साक्ष दिली, आणि निकाल फिरवला तो हिच्या एका वाक्यानं. सुटली ती. गळ्यावरच्या वळाचा मात्र निकालात उल्लेख नाही. तो कुणाला दिसलाच नव्हता ना.

शिट्टी बहिणीकडे राहायला गेला. पडदेवालीचा खांदा कोठडीतल्या फरशीवर झोपून धरला, म्हणून टेपचं दुसरं टोक धरायला आता मी जाते. फुकट. इतक्या वर्षांनी मला लोकांच्या बेडरूम दिसल्या, आणि सांगते, अर्ध्या घरांत बघण्यासारखं काही नाही.

पहिलं काम आलं ते दंतवैद्याच्या बायकोचंच. आम्ही गेलो. तिनं स्वतः चहा आणला, डोळे भरून आले तिचे. पडदेवालीचा हात धरून म्हणाली, "मला खात्री होती तू सुटशील. शेवटी आपण दोघी सारख्याच ना गं."

पडदेवालीनं तोंडातल्या टाचण्या काढून तळहातावर घेतल्या.

"सारख्या कशा, बाई? तुमच्या हातून फुलदाणी पडली. मी दांडी मारली. आता जरा सरका, पडदा सरळ करायचाय."