पन्हाळ्याच्या उतारावरची माझी दहा झाडं

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झालेली. कोल्हापुरात शाहूपुरीत कारकुनी करणारा माझा थोरला, दत्तू, म्हणाला, "आई, रविवारपासनं तुझ्या दहा झाडांनाबी युरिया."

"हात लावून तर बघ."

शेवटी ठरलं, पन्हाळ्याच्या रोपवाटिकेतल्या साहेबाला विचारायचं. तो सांगेल ते दोघांनी ऐकायचं.

पन्हाळ्याच्या वाटेवर उतारावर आमचं रान. वीस आंब्याची कलमं, विहीर नाही, पाणी ओढ्यातनं घागरीनं. दहा कलमांना दत्तूनं युरिया दिला, उसाला देतात तसा मुठीमुठीनं. माझ्या दहांना मेंढ्यांचं लेंडीखत. त्याची खांद्याला लागली, माझी कमरेला. म्हणून त्याची मान ताठ.

जाणार असाल तर सकाळची यष्टी धरा, डावीकडं बसा, ऊन लागत नाही. आम्ही आधी रानात उतरलो. त्याची झाडं परवाच पाणी पिऊन माना टाकून उभी. माझ्यांना पाणी पाजून चार दिवस झालेले, एक पान सुकलं नव्हतं.

"हे साहेबाला सांगू नगंस," दत्तू म्हणाला.

"सांगणारच की!" दोन्हीकडची एकेक डहाळी मोडून घेतली.

पुढच्या गाडीत कंडक्टर म्हणाला, "आज्जे, पाला घेऊन कुणाच्या लग्नाला?"

"तुझ्याच. दारात तोरण न्हाय म्हणं."

गडावर झुणका-भाकर चांगली मिळते. ठेचा मात्र मागून घ्या, आपणहून वाढत नाहीत.

साहेब चष्मेवाला, माणूस सरळ. डहाळ्या उलटसुलट करून विचारलं, "आजी, पाणी किती देता?"

"त्याच्या झाडाला दिवसाआड दोन घागरी. माझ्याला पाच दिवसांनी एक."

साहेब दत्तूकडं वळला. "युरिया वाईट नाही हो. पण एकदम एवढा दिला की नुसता पाला सुटतो, मुळं वरच राहतात, आणि तेवढा पाला पाणी मागतो. उसाला पाट असतो, इथं काय आहे? लेंडीतलं नत्र हळूहळू सुटतं, माती ओल धरते, मुळं खाली जातात. त्या उतारावर आजींचंच बरोबर."

"पण साहेब, उंची?"

"उंचीला काय बाशिंग बांधायचंय?" मी म्हटलं.

 कोल्हापुरात घरी येऊन चप्पल काढता काढता दत्तू म्हणाला, "मेंढरं बसवायला धनगराला कोण सांगणार?"

"तुला तोंड हाय की."

पुढच्या आठवड्यात त्यानं रानात मेंढरं बसवली, वीसही झाडांना लेंडी घातली. तरी त्याची ओळ सगळा उन्हाळाभर दिवसाआड पाणी मागत राहिली. "आई, चल की घागरीला," म्हणायचा. मी गेले नाही. ज्यानं तहान लावली, त्यानं वाहावं.