व्हिलनचा हळू आवाज

मैत्रिणींनो, आज दुपारी मी एक अख्खं शहर जाळलं. मोबाईलवरच्या ऑनलाइन गेममध्ये हो! तिथं मी व्हिलन आहे आणि हल्ल्याआधी माईकवर सगळ्यांना धमकी द्यावी लागते.

पण परंड्यातलं आमचं घर दोन खोल्यांचं. सासरे जेवून पडलेले. म्हणून मी हळूच म्हणाले, "पळू नका. मी येतेय."

समोरचे सगळे खेळाडू जागीच थांबले. मग एक पोरगी म्हणाली, "ताई, ओरडणाऱ्या व्हिलनची भीती वाटत न्हाय. तुमचं ऐकून लई काटा आला अंगावर."

आतून सासूबाईंनी विचारलं, "कुणाशी बोलतीस गं?"

"कुणाशी न्हाय," मी म्हणाले. त्याच आवाजात.

शहर जळत राहिलं. मला त्या आवाजाचं काहीच वाटलं नाही. लग्नाला सहा वर्षं झाली, घरात मी ह्याच आवाजात बोलतेय.

तुम्ही घरात शेवटचं मोठ्यानं कधी बोललात?