अर्धं वळवलेलं चाक

कामावर त्याला सगळे ओळंबा म्हणत. टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये त्याची एकतीस वर्षं गेली. नव्या साइटवर रुजू झाला की तिथले लोक गंमत म्हणून विटांच्या थप्पीवर पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला ठेवत आणि वर न्यायला सांगत. पेला आठव्या मजल्यावर जसाच्या तसा पोचायचा. तिथला गवंडी पाणी पिऊन टाकायचा आणि पेला उलटा करून खाली दाखवायचा. गवंड्याच्या दोरीचं वजन जसं न डुलता सरळ लोंबतं, तसा ह्याचा हात. म्हणून ओळंबा. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं. बायको ‘अहो’ म्हणायची, म्हणजे तिथंही नव्हतंच.

केबिन म्हणजे दोन पावलांची काचेची खोली. एक खुर्ची, दोन्ही हातांशी एकेक जॉयस्टिक, पायाखालीही काच. जमिनीवरून एकच आवाज वर यायचा, वॉकीटॉकीवरून, सिग्नलवाल्याचा. अकरा वर्षं तोच. माल उचलायचा कुठून आणि ठेवायचा कुठं, हे तो मालाच्या खाली उभा राहून सांगायचा. ‘डावीकडे. अजून. बस. सोड.’ दिवसभरात ओळंब्याशी कुणाचं बोलणं होई ते बहुतेक एवढंच. संध्याकाळी शिडी उतरला की माणसांच्या गर्दीतून चालायचा, पण ती अजूनही साठ मीटर खालीच असल्यासारखी वाटायची.

बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, चार महिन्यांसाठी. नातू आता तीन वर्षांचा आहे. भांडण वगैरे काही झालं नाही. आधी बाळ लहान होतं, मग लेकीची नोकरी सुरू झाली, मग येण्याजाण्याचं बोलणंच हळूहळू मागे पडलं. घरात दोन खुर्च्या होत्या. एकीवर तो बसायचा, दुसरीवर गाडी असायची.

गाडी म्हणजे रिमोटवर चालणारा क्रॉलर. हातभर लांब, जाड मऊ टायरांचा, दगडांवर चढण्यासाठीच बनवलेला. वेग जवळपास नाहीच. रविवारी तो गाडी पिशवीत घालून गावाबाहेरच्या बंद पडलेल्या खाणीत जायचा. एक दगड चढायला कधी दहा मिनिटं लागत. आठवडाभर सगळं जग वरून बारीक दिसायचं. इथं तो उकिडवा बसून एका दगडाकडे खालून वर बघायचा. सोबत कुणी नसायचं. तशी सवयही नव्हती.

एका रविवारी पुढचं चाक दोन दगडांच्या फटीत अडकलं. तो वळवत राहिला. आत कट्‌कन आवाज आला आणि चाकं वळेनाशी झाली. सर्व्हो गेला होता. रिमोटवरचं छोटं चक्र फिरवलं की गाडीतली जी काड्यापेटीएवढी मोटर पुढची चाकं वळवते, ती म्हणजे सर्व्हो.

अशा गाड्यांचे भाग मिळायचे ते दुकान एक बाई चालवायची, तिशीतली, कपाळावर भिंग चढवलेली.

“मोडला कसा, काका?”

“फटीत अडकला. मी सोडलं नाही.”

“मग दगड जिंकणारच. त्याला कुठं जायची घाई आहे?”

तिनं काउंटरवर तीन सर्व्हो मांडले. “हा तुमच्या जुन्याचा भाऊ. प्लास्टिकचे दाते. तीन महिन्यांत पुन्हा याल, मला चालेल. हा मधला धातूचा, ताकदवान, पण स्वभावानं ढिला. थोडंफार इकडेतिकडे झालं तर मनावर घेत नाही. आणि हा तिसरा. ताकद तेवढीच, पण हा तुमचा शब्द खाली पडू देत नाही. रिमोटवर केसभर हललं, की हा केसभर हलणार.”

“केसभर?”

“अर्धा केससुद्धा.”

त्याला तो शब्द आवडला. आयुष्यभर त्यानं केसभरच केलं होतं. त्यानं तिसरा घेतला.

घरी येऊन सर्व्हो बसवायला दोन तास लागले. स्क्रू लहान होते, पेचकस तीनदा घसरला. दिव्याचा उजेड पुरत नाही, असं त्यानं ठरवलं. मग बॅटरी जोडली, रिमोटचं चक्र अर्धं वळवून धरलं आणि पाहिलं. चाकं वळली. पण वळून थांबली नाहीत. थंडी वाजल्यासारखी थरथरत राहिली. चक्र सोडलं, चाकं मधोमध येऊन गप्प उभी राहिली. पुन्हा अर्धं वळवून धरलं. पुन्हा थरथर.

बायकोचा फोन आला तेव्हा तो त्याच उद्योगात होता.

“काय करताय?”

“सर्व्हो खराब निघाला.”

“कोण?”

“गाडीचा भाग आहे गं.”

“अहो, इथं एक तीन वर्षांचा आहे, तोसुद्धा आता गाड्या सोडून चित्रं काढतो. जेवलात का?” मग ती म्हणाली, “तिथं काम आहे तुमचं, म्हणून मी काही म्हणत नाही.”

हे ती नेहमी म्हणायची. काम आहे म्हणून. तोही हो म्हणायचा.

शनिवारी तो गाडी घेऊन दुकानात गेला. बाईनं भिंग डोळ्यावर ओढलं, दाते पाहिले, तारा पाहिल्या. मग रिमोट हातात घेऊन चक्र अर्धं वळवून धरलं. चाकं वळली आणि तशीच राहिली, सिमेंटमध्ये रोवल्यासारखी.

“बरा आहे की.”

“घरी थरथरत होता.”

“तुम्ही धरून दाखवा.”

त्यानं धरलं. चाकं थरथरायला लागली. बाईनं चाकांकडे पाहिलं, मग त्याच्या हाताकडे, आणि मग घाईनं दुसरीकडे.

“जेवण झालं नसेल,” ती म्हणाली. “माझाही हात उपाशीपोटी हलतो.”

“जेवून आलोय.”

तिनं ड्रॉवरमधून एक छोटी डबी काढली. “ही लावून ह्याची सवय बदलता येते, काका. बारीक हालचाल सोडून द्यायला शिकवते त्याला. दोन मिनिटांचं काम. मग चाकं हलणार नाहीत.”

“आणि हात?”

बाई काउंटर पुसू लागली. तो स्वच्छच होता.

“नको,” तो म्हणाला. “असू दे असाच.”

रविवारी तो खाणीत गेला नाही. जुन्या सर्व्होचे दाते झिजून सैल झालेले; हाताची थरथर त्या सैलपणात जिरून जायची. क्रेनचंही तसंच. जॉयस्टिकला मधे थोडी मोकळीक असते, हाताची बारीक चूक मशीन पोटात घालतं. पण किती दिवस? आणि किती बारीक? हात गेला तर केबिन जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि केबिनखेरीज ह्या गावात त्याचं काहीच नव्हतं. निवृत्तीला दोन वर्षं होती. कुणाला कळलं नव्हतं. दुकानातली बाई साइटवर सांगायला थोडीच येणार होती? दिवसभर तो गाडीसमोर बसून राहिला. चक्र धरायचा, सोडायचा. डावा हात लावून पाहिला. तोही हलत होता, जरा कमी.

सोमवारी सकाळी तो गाडी पिशवीत घालून कामावर गेला. सिग्नलवाला शिडीपाशी हातमोजे चढवत होता.

“अरे ओळंब्या! आज डब्याबरोबर खेळणं दिलं का आईनं?”

“हे धर. अर्धं वळव आणि धरून ठेव.”

सिग्नलवाल्यानं धरलं. चाकं स्थिर.

“आता माझ्याकडे बघ,” ओळंबा रिमोट परत घेऊन म्हणाला.

सिग्नलवाला आधी हसला. मग त्यानं वर पाहिलं, जिथं क्रेनचा हुक रिकामा लोंबत होता.

“कधीपासून?”

“माहीत नाही. मला परवा कळलं.”

“वर?”

“पंधरा दिवसांपूर्वी लोखंडाची तुळई भिंतीला घासली. मी वारा म्हणालो.”

“वारा नव्हता,” सिग्नलवाला म्हणाला. “मी खालीच होतो ना.”

“मग बोलला का नाहीस?”

“अकरा वर्षांत तुला ‘चुकलास’ म्हणायची वेळ आली नव्हती. कसं म्हणायचं तेच सुचेना.” त्यानं एक हातमोजा काढला, पुन्हा घातला. “दोन वर्षं तर राहिली होती तुझी. हात दाखवून अवलक्षण केलंस बघ.”

“खाली तू उभा असतोस.”

सिग्नलवाल्यानं जमिनीवरची गाडी उचलली. ती त्याच्या हातात देऊन सुपरवायझरला बोलवायला गेला.

बाकी सगळं लवकर आटपलं. सुपरवायझरनं डॉक्टरांकडे जाण्याची चिठ्ठी लिहून दिली आणि बरा झालास की बघू, असं जमिनीकडे बघत सांगितलं. शेजारच्या साइटवरून दुसरा चालक आला, पोरसवदा, च्युइंगगम चघळणारा. तो शिडी चढताना ओळंबा खाली उभा राहून पाहत होता. आपण वर जाताना खालून कसे दिसत असू, हा विचार त्याच्या मनात पहिल्यांदाच आला. केबिनचं दार लागलं आणि सिग्नलवाल्याच्या वॉकीटॉकीवर अनोळखी आवाज आला, “हां, बोला.” सिग्नलवाल्यानं एकदा ओळंब्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “डावीकडे.”

अकरा वाजता ओळंबा घरी पोचला. कामाच्या दिवशी ह्या वेळी ही खोली त्यानं कधी पाहिली नव्हती. ऊन बायकोच्या खुर्चीवर पडलं होतं आणि हळूहळू भिंतीकडे सरकत होतं. रोज असंच सरकत असणार. बायकोला फोन करायचा होता. पण ही नातवाला झोपवायची वेळ, ती दोनपर्यंत फोन उचलत नाही. काम आहे म्हणून मी काही म्हणत नाही, असं ती म्हणायची. आता ती काय म्हणेल? त्याला अंदाज येईना. ती काहीच म्हणाली नाही तर, ह्याची त्याला जास्त भीती वाटली.

त्यानं गाडी टेबलावर ठेवली, चालू केली आणि रिमोट बाजूला ठेवला. चाकं सरळ, गप्प. बाहेर कुठंतरी कुणी दार ओढून घेतलं. मग शांत झालं. दोन वाजायला बराच अवकाश होता. त्यानं रिमोट उचलला, चक्र अर्धं वळवलं आणि तसंच धरून बसला. खोलीत तेवढंच काहीतरी हलत होतं.