चाचांचं कागदावरचं वय

आमच्या वरच्या मजल्यावरच्या चाचांइतका संशयी माणूस अख्ख्या आखातात दुसरा झाला नसेल, आणि झालाच असेल तर त्याच्यावर चाचांचा आधीपासून संशय असणार. मूळचे दापोलीकडचे. बायको-मुलगी गावी, आणि हे ओमानमध्ये रुवीत एकटे, बांधकामाचं सामान विकणाऱ्या एका कंपनीत वीस-बावीस वर्षं स्टोअरकीपर. गोदामातल्या प्रत्येक खिळ्यावर कुणाचा तरी डोळा आहे, या श्रद्धेवर त्यांची नोकरी उभी होती, आणि संध्याकाळी ती श्रद्धा ते घरीही घेऊन यायचे. लिफ्टमध्ये अनोळखी माणूस असला की चौथ्या मजल्याचं बटण दाबायचं आणि एक जिना उतरून तिसऱ्यावर यायचं; आपण राहतो कुठे हे परक्याला कशाला कळू द्या? टॅक्सी हमरियाच्या वळणावरच सोडायची आणि उरलेली वाट उन्हात तुडवायची. ईदेला ओमानी शेजाऱ्यांनी पाठवलेला हलवा त्यांनी आधी आम्हाला आणून दिला, चहा घेतला, गप्पा मारल्या, आणि अर्ध्या तासाने आम्ही सगळे धडधाकट आहोत असं बघून म्हणाले, "चांगला दिसतोय वैनी. आता मी पण खातो." मला राग यायला हवा होता, पण हसूच आलं. कारण माणूस जिवाला जीव देणारा. माझे यजमान तापाने पडले तेव्हा चाचा तीन दिवस पेज घेऊन खाली येत होते, आणि गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख रोज नव्याने तपासत होते.

अशा माणसाच्या दारात दोन हजार दहा साली जनगणना आली. आधी कुणीतरी येऊन घरोघरी दारावर नंबर चिकटवून गेलं. चाचांनी आपला नंबर अलगद सोडवला आणि जिन्यातल्या विजेच्या मीटरच्या पेटीवर लावला. पुढच्या आठवड्यात पांढऱ्याशुभ्र दिशदाशातला, म्हणजे त्यांच्या पायघोळ झग्यातला, एक तरुण ओमानी आला आणि बराच वेळ त्या पेटीवर टकटक करत राहिला. आवाज ऐकून मी वर गेले आणि शेवटी मीच त्याला चाचांचं दार दाखवलं. त्याला हिंदी छान येत होतं.

"घर में कितने लोग?"

"क्यों? और कोई आनेवाला है?"

"कमरे कितने हैं?"

"गिनने से बढ़ेंगे क्या?"

"काम?"

"है."

"पढ़ाई कितनी?"

"कितनी चाहिए?"

तो बिचारा हसत हसत लिहीत होता. मग त्याने विचारलं, "उम्र?" आणि चाचांनी दार लावून घेतलं.

तो उद्या येतो म्हणून गेला. संध्याकाळी चाचा आमच्याकडे आले ते पडलेल्या चेहऱ्याने. लहानपणी थोरल्या भावाच्या मागे रडत रडत ते शाळेत गेले होते. वय भरत नव्हतं, म्हणून हेडमास्तरांनी तीन वर्षं वाढवून एक जून ही जन्मतारीख लिहून टाकली आणि भावाशेजारी बसवलं. तीच पासपोर्टावर चढली. येत्या जूनमध्ये चाचा कागदावर साठीचे होणार होते, आणि त्यांच्या कंपनीत साठीला घरी पाठवत. मुलगी रत्नागिरीला फार्मसी शिकत होती, तिची अजून दोन वर्षं बाकी. दोन वर्षांचा व्हिसा एकदा, फक्त एकदाच, वाढून मिळायला हवा होता. "ऑफिसात कोणाच्या ध्यानात नाय वैनी. हे लोक मोजणार, आणि जाऊन सांगणार."

मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. "चाचा, ते डोकी मोजायला आलेत, तुम्हाला पकडायला नाही. ऊठसूट संशय घेऊन जगता येतं का? समोरच्याला किती वाईट वाटतं! एकदा माणसावर विश्वास ठेवून बघा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं सांगितलं, वयासकट, आणि वर त्या तरुणाला खजूर दिले. काहीच झालं नाही. एक महिना गेला, दोन गेले, आणि काहीच होत नाही याचं चाचांना इतकं नवल वाटलं की त्यांना विश्वासाची चटकच लागली. एक दिवस ते थेट अर्बाबासमोर, म्हणजे मालकासमोर, जाऊन बसले आणि हेडमास्तरांपासूनची हकीकत सांगून आले. अर्बाबाने पाठीवर हात ठेवला आणि काम झालंच समजा अशा थाटात म्हणाला, "खलास. रिन्यू हो जाएगा, इन्शाल्ला." चाचा पेढे घेऊन आले. त्याच्याकडून हे लिहून घ्या, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या माणसाचा निश्चिंत चेहरा मी पहिल्यांदाच बघत होते, म्हणून गप्प राहिले.

एप्रिलमध्ये कंपनीचा कारभार अर्बाबाच्या भावाकडे गेला. त्याला असल्या कुठल्या शब्दाची माहिती नव्हती. त्याने पासपोर्टावरची तारीख बघितली आणि जूनमध्ये व्हिसा रद्द झाला.

चाचा निरोप घ्यायला आले. आता खेडला कुणाच्या तरी हार्डवेअरच्या दुकानात बसणार होते. मुलीचं शिक्षण थांबू द्यायचं नाही, एवढंच म्हणत होते. मला राहवेना. "चाचा, तुम्ही! तुम्ही लिहून नाही घेतलंत?"

"कसं मागणार, वैनी? समोरच्याला वाईट वाटतं. तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं मला, जन्मभर किती लोकांना वाईट वाटलं असेल ते."

हा टोमणा असता तर मी सुटले असते. पण चाचा मनापासून बोलत होते.